कागदावरचा माणूस

पेन्शनीत निघालेल्या माणसाला काही ना काही नाद लागतोच. कुणी पहाटे टेकडी चढतो, कुणी संध्याकाळी पत्त्यांचा अड्डा जमवतो, तर कुणी सोसायटीच्या हिशेबात चुका शोधत बसतो. मला निकालपत्रे वाचण्याचा नाद आहे, आणि तीही विलायतेतल्या न्यायालयांची! मी वकील नव्हे. माझी सारी हयात एका कचेरीत आवक-जावकाची बारनिशी सांभाळण्यात गेली. पण तिथले सर्वोच्च न्यायालय आपले निकाल साऱ्या जगाला फुकट वाचायला मोकळे ठेवते, आणि फुकट मिळणारी वस्तू सोडू नये ही शिकवण आमच्या घराण्यात पिढीजात आहे.

"लोक रहस्यकथा वाचतात, तुम्ही फिर्यादी वाचता," असे आमची सौ. म्हणते. तिला मी सांगतो की निकालपत्र हीही रहस्यकथाच असते. रहस्यकथेत खून कुणी केला हे शोधायचे असते. मी वाचतो त्या निकालपत्रांत, समोर उभा असलेला माणूस कोण हे शोधायचे असते. त्याचे नाव-गाव ठाऊक असते. तो रोज काय काम करतो हेही ठाऊक असते. तरीसुद्धा तो नोकर की स्वतंत्र धंदेवाला, एवढी एक गोष्ट ठरवायला तिथल्या मोठमोठ्या न्यायाधीशांना वर्षेच्या वर्षे लागली आहेत.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढे अडले काय? अडले आहे ते असे. इंग्लंडच्या कायद्यात काम करणाऱ्या माणसांचे तीन वर्ग पडतात. पहिला पुरता नोकर. त्याला किमान वेतन, भरपगारी रजा आणि काही काळ नोकरी झाल्यावर अन्यायाने काढून टाकल्यास दाद मागण्याचा हक्क. तिसरा पुरता धंदेवाला. त्याचे तो पाहून घेईल. नफाही त्याचा आणि नुकसानही त्याचे. या दोहोंच्या मध्ये कायद्याने एक वर्ग केला आहे, त्याला 'वर्कर' म्हणतात. हा नोकर नव्हे, पण स्वतःच्या अंगमेहनतीने दुसऱ्याच्या धंद्यात खपतो. त्याला किमान वेतन आणि वर्षाकाठी साडेपाच आठवड्यांहून थोडी अधिक पगारी रजा मिळते. काढून टाकल्याची दाद मात्र नाही. तेव्हा माणूस कोणत्या कप्प्यात पडला यावर त्याच्या घरातले बरेच काही अवलंबून असते. कामावर ठेवणाऱ्याला साहजिकच वाटते, की तो तिसऱ्या कप्प्यात पडावा. मग तो काय करतो? तो कागद करतो.

मी वाचलेली या जातीची पहिली गोष्ट ऑटोक्लेन्झ नावाच्या कंपनीची. मोटारी धुऊन-पुसून चकचकीत करणे हा तिचा धंदा. वीस कामगार न्यायाधिकरणापुढे आले. त्यांनी सही केलेल्या करारात लिहिले होते, की हे सारे स्वतंत्र ठेकेदार आहेत; कंपनीवर काम देण्याचे बंधन नाही, यांच्यावर येण्याचे बंधन नाही; आणि स्वतः यायचे नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठवायला हे मुखत्यार आहेत. वाचताना वाटावे, की हे वीस सरदारच आहेत! प्रत्यक्षात काय होते? कंपनीचे नाव असलेले कपडे चढवून सकाळी हजर व्हायचे, यायचे नसले तर आधी वर्दी द्यायची, आणि दिलेल्या दराने गाड्या धुवायच्या. करारातली ती ऐसपैस कलमे प्रत्यक्षात कुणीच खरी धरली नव्हती.

२०११ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला लॉर्ड क्लार्क यांनी. त्यातला विचार साधा आहे. दोन तुल्यबळ व्यापारी वाटाघाटी करून सही करतात, तेव्हा कागद हाच प्रमाण. पण कामाच्या गरजेने आलेला माणूस पुढे ठेवलेल्या कागदावर सही करतो, तेव्हा न्यायालयाने विचारले पाहिजे, की यांच्यात खरोखर काय ठरले होते? कागद हा त्या उत्तराचा एक भाग आहे. ते उत्तरच नव्हे.

हे वाचताना मला माझ्या वडिलांचे कार्ड आठवले. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात 'बदली' होते. आजच्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागतो. कायम माणूस गैरहजर राहिला तर त्याच्या साच्यावर उभा राहतो तो बदली. सकाळी कार्ड घेऊन फाटकाशी जायचे. नाव पुकारले तर आत, नाहीतर घरी. वडील घरी परतले असे दिवस वर्षात मोजकेच असत. अशी त्यांची नऊ वर्षे झाली होती. नवे पोर आले की शिकवायला त्यांच्याच हाताखाली देत. एका पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला आणि दीड महिना अंथरुणात गेला. बरे झाल्यावर रजेचे काही पैसे मिळतात का ते विचारायला ते गेले. मी तेव्हा मराठी चौथीत होतो. त्यांना चालताना अजून झोक जाई, म्हणून आईने मला बरोबर दिले होते. खिडकीतल्या माणसाने कार्ड वळवून त्यांच्यापुढे सरकवले आणि म्हटले, "वाच, काय लिहिलंय?"

वडिलांनी अक्षराला अक्षर लावून वाचले, "बदली."

"मग?"

एवढेच तो म्हणाला. घरी आल्यावर आईने विचारले तेव्हा वडील म्हणाले, "कार्डावर तसंच लिहिलंय." त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. त्यांना ते पटले होते, याचेच मला पुढे फार दिवस वाईट वाटत राहिले. नऊ वर्षे साच्यापाशी उभा असलेला माणूस आणि चार बोटांचे कार्ड यांपैकी साक्ष कुणाची घ्यायची, असा प्रश्नच त्या खिडकीपाशी कुणाला सुचला नाही, वडिलांनाही नाही.

विलायतेत तो प्रश्न विचारायला पुढे एक नळकाम करणारा उभा राहिला. त्याचे नाव गॅरी स्मिथ. लंडनच्या पिम्लिको प्लंबर्स या कंपनीसाठी त्याने २००५ पासून जवळजवळ सहा वर्षे काम केले. अंगात कंपनीचा गणवेश, बुडाखाली कंपनीची छाप असलेली गाडी, आणि खिशात 'तू स्वतंत्र धंदेवाला आहेस' असे सांगणारा करार! त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याने आठवड्यातून तीनच दिवस काम मागितले. त्यातून बिनसले आणि काम गेले. २०१८ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की तो मधल्या वर्गातला 'वर्कर' आहे. त्याच्या बुडत्या रजांच्या पैशांचा वाद मात्र त्यानंतरही चालूच राहिला. तो वरिष्ठ न्यायालयात त्याच्या बाजूने लागला २०२२ च्या फेब्रुवारीत. काम सुटले होते २०११ साली! आपल्याकडे कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये म्हणतात. विलायतेतल्या पायऱ्याही काही कमी उंचीच्या नाहीत.

पण ज्या निकालाने साऱ्या जगाचे कान टवकारले तो उबर टॅक्सीचा. यासीन अस्लम आणि जेम्स फरार या दोघा ड्रायव्हरांनी पुढाकार घेतला. कंपनीचे म्हणणे मोठे मासलेवाईक होते. आम्ही टॅक्सीचा धंदा करीतच नाही, आम्ही नुसती गाठ घालून देतो. ड्रायव्हर हा स्वतंत्र व्यापारी, प्रवासी हे त्याचे गिऱ्हाईक, आणि आम्ही त्याचे दलाल! २०१६ साली लंडनच्या न्यायाधिकरणाने यावर म्हटले, की लंडनमध्ये तीस हजार छोटेछोटे धंदे एका समाईक व्यासपीठाने जोडलेले आहेत ही कल्पना किंचित हास्यास्पद आहे. हा 'किंचित' शब्द खास इंग्रजी. आपल्याकडच्या एखाद्या न्यायाधीशाने 'निव्वळ' म्हटले असते.

कंपनी अपिलात गेली, पुन्हा गेली, पुन्हा गेली. आणि १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला. लॉर्ड लेगॅट यांनी लिहिलेल्या त्या निकालातले पाच मुद्दे मी माझ्या वहीत प्रश्नांच्या रूपाने उतरवून ठेवले आहेत, कारण ते कुठल्याही गृहिणीला समजतील असे आहेत. भाडे कोण ठरवतो? कराराच्या अटी कोण घालतो? आलेले काम नाकारले तर काय होते? काम नीट झाले की नाही याचे गुण कोण राखतो, आणि गुण घसरले तर कोण काढून टाकतो? गिऱ्हाइकाशी परस्पर ओळख ठेवायला मुभा आहे का? पाचही प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेला गेली. मग व्यापारी कोण आणि राबणारा कोण, हे सांगायला शब्दकोश कशाला हवा?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी दिलेले कारण. हे हक्क करारातून आलेले नाहीत. ते संसदेने दुबळ्या बाजूच्या रक्षणासाठी दिलेले आहेत. बलवान बाजूने लिहिलेला कागदच जर रक्षण कुणाला मिळावे हे ठरवू लागला, तर ज्याच्यापासून शेत राखायचे त्याच्याच हाती राखणदाराची काठी दिल्यासारखे होईल. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केले, की ब्रिटनमधल्या आपल्या सत्तर हजारांवर ड्रायव्हरांना ती 'वर्कर' म्हणून वागवील. म्हणजे किमान वेतन, रजेचे पैसे आणि पेन्शनची वर्गणी.

इथवर ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे कंपनी नेहमी खोटी आणि कामगार नेहमी खरा, असंच ना?" तसे मात्र नाही, आणि म्हणूनच मला या निकालांची गोडी वाटते. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या सायकलस्वारांच्या संघटनेचा दावा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने फेटाळला. कारण? त्यांच्या करारात लिहिले होते, की स्वतः न जाता दुसऱ्या कुणालाही पाठवा; आणि हे कलम, न्यायालयाच्या मते, नुसते शोभेचे नव्हते. काही मुले खरोखरच दुसऱ्यांना पाठवीत, कंपनी त्याला हरकत घेत नसे, काम नाकारले तरी चाले आणि प्रतिस्पर्धी कंपनीचे काम केले तरी चाले. इथे कागद आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसला. तो करार सुनावणीच्या थोडेच दिवस आधी नव्याने केलेला होता, हे वाचून माझ्या मनात पाल चुकचुकली. पण रीत तीच होती. आधी प्रत्यक्षात काय घडते ते पाहायचे, मग निकाल.

सौ.ला हा भेद पटकन समजला, कारण आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी जमले नाही तर जावेला पाठवतात, आणि जावेला सवड नसली तर शेजारणीला. "मग तुमच्या त्या कायद्यानं आमच्या मावशी स्वतंत्र व्यापारी झाल्या की!" ती म्हणाली. मी मान डोलावली. "असू देत. त्यांना आजारपणाचा पगार आणि दिवाळीची साडी द्यायला मला कुठल्या लॉर्डाची परवानगी लागत नाही." यावर अपील नाही.

परंतु वाचकहो, सौ.सारख्या मालकिणी सगळ्यांच्या नशिबी नसतात. ज्यांच्या नसतात त्यांना न्यायालयाचे दार हवे. आणि दार आहे पण आत जायला पैसे लागतात, असे झाले तर? इंग्लंडमध्ये तसे झाले होते. २०१३ च्या जुलैच्या अखेरीस तिथल्या सरकारने नोकरीविषयक न्यायाधिकरणात जाण्यासाठी शुल्क बसवले. साध्या दाव्याला एकूण ३९० पौंड, आणि अन्यायाने काढून टाकल्यासारख्या दाव्याला १,२०० पौंड. ज्याची नोकरी गेली त्यानेच हे पैसे आधी मोजायचे! दाव्यांची संख्या शंभरात सहासष्ट ते सत्तरने घटली. युनिसन या कामगार संघटनेने सरकारला न्यायालयात खेचले आणि २६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने ते शुल्क बेकायदा ठरवले. घेतलेले पैसे सरकारला परत करावे लागले.

सरकारचे म्हणणे होते, की जो न्यायालयाचा उपयोग करतो त्यानेच खर्च सोसावा. वरवर पाहता ते रास्त वाटते. लॉर्ड रीड यांनी त्याचा जो समाचार घेतला तो शाळेत मुलांना शिकवावा असा आहे. न्यायालयाचा फायदा आत जाणाऱ्यालाच होतो, हेच मुळी खरे नाही. एक जण जातो म्हणून बाकीच्यांना न जाता मिळते. दाव्याची भीती आहे म्हणूनच शनिवारी मजुरी हातावर पडते. यासाठी त्यांनी एका जुन्या खटल्याचा दाखला दिला, तो आपल्याकडचा लॉ कॉलेजातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखतो.

१९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी एक गरीब बाई मैत्रिणीबरोबर उपाहारगृहात गेली. जिंजर बिअरच्या काळपट बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, असे तिचे म्हणणे. आपण 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणतो. या गोगलगाईच्या पोटात तर अख्खा कायदा निघाला! बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे या बाईच्या हाती कसलाही करार नव्हता. तिचा कागदच नव्हता. तिच्याजवळ पैसेही नव्हते. नादार म्हणून तिला हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे जाऊ दिले. १९३२ साली तिथे ठरले, की जो वस्तू बनवतो त्याने ती वापरणाऱ्या अनोळखी माणसाचीही काळजी वाहिली पाहिजे. आज आपण निर्धास्तपणे बाटलीचे झाकण उघडतो, त्यात त्या नादारीचा वाटा आहे. दाराशी तिच्याकडे बाराशे पौंड मागितले असते तर?

यानंतरही विलायतेत गाडे चालू आहे. २०२५ च्या डिसेंबरमध्ये तिथे नोकरी-हक्कांचा नवा मोठा कायदा संमत झाला. अन्यायाने काढल्याची दाद मागायला पूर्वी दोन वर्षे नोकरी व्हावी लागे, ती मुदत सहा महिन्यांवर आणण्याचे त्यात ठरले. दावा लावायला तीन महिन्यांऐवजी सहा महिने द्यायचे ठरले. हे सारे टप्प्याटप्प्याने अमलात यायचे. पण नोकर कोण, वर्कर कोण, या मूळ प्रश्नाला त्या कायद्याने हात घातला नाही. ते कोडे अजून न्यायाधीशांच्याच माथी आहे.

आपल्या देशाने हा प्रश्न इंग्रजांच्याच कायद्यातून उचलला आणि एके काळी त्यांच्या फार आधी चांगला सोडवलाही. धांगध्र्याच्या मिठागरांवरचे अगरिये मदतीला स्वतःची माणसे घेऊन येत आणि वजनावर पैसे घेत, म्हणून ते ठेकेदार, असा वाद होता. १९५६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पाहिले ते एवढेच, की हा माणूस स्वतः तिथे खपतो आणि दुसऱ्याच्या देखरेखीखाली खपतो, तो कामगारच. मोबाईलवरून काम मिळवणाऱ्यांसाठी मात्र आपण निराळी वाट धरली आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने अशा 'गिग' कामगारांना मालक-नोकर नात्याच्या बाहेरचे म्हणून वेगळे नाव दिले, आणि कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीतून शेकडा एक ते दोन टक्के त्यांच्या कल्याणाच्या निधीत घालण्याची सोय केली. निधी मिळेल तेव्हा मी आनंदाने टाळ्या वाजवीन. पण वहीतले पाच प्रश्न विचारण्याआधीच नाव ठरून गेले, ही रुखरुख मला आहे.

गेल्या महिन्यात स्टेशनवरून घरी येताना मोबाईलवरून बोलावलेल्या टॅक्सीत मी ते प्रश्न ड्रायव्हरला विचारून पाहिले. तिशीच्या आतला, सोलापूरकडचा मुलगा होता.

"भाडं कोण ठरवतं रे?"

"मोबाईल, काका."

"आणि नको म्हटलं तर?"

"मग तो रुसतो. बराच वेळ काही देतच नाही."

"तुझ्या कागदावर तू कोण आहेस?"

"पार्टनर!" तो मोठ्याने हसला. "आई गावात सगळ्यांना सांगते, पोरगा कंपनीत पार्टनर आहे म्हणून."

मी त्याला अस्लम आणि फरार यांची हकीगत सांगायला घेतली. पण तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. काही सेकंदांत होकार द्यायचा होता.